फळ्याचा कोपरा

ऑइलपेंटचा वास आला की करमाडजवळची ती शाळा आठवते. नामांतराचे दिवस. कारखान्यातले आम्ही चौघं रविवारी शाळा रंगवायला गेलो; बंदमुळं एसटी नव्हती, म्हणून टेम्पोनं. मशीनला देतो तोच चकचकीत काळा रंग हौसेनं फळ्यालाही दिला. पुढच्या रविवारी गेलो तर गुरुजी म्हणाले, "लई चकाकी आणली, पण खडू उठंनाच की!" ओशाळून आम्ही पॉलिशपेपरनं फळा घासू लागलो. तेवढ्यात बघायला जमलेल्या पोरांतून धनगरवाडीची एक मुलगी पुढं आली. "काका, खालचा कोपरा नका घासू." "का गं?" "तिथं मी दिसते." तिच्याएवढं वाकून पाहिलं, तर खरंच दिसत होती. तेवढा कोपरा सोडला. नंतर कुणी घासला तर नसेल ना?