मावशी मागनं येते

आमची मुलगी साडेचार वर्षांची असताना आम्ही तिला नगरच्या एका बालसंस्थेतून जर्मनीला घेऊन आलो. नवऱ्याची नोकरी तिकडची. मूल दत्तक घ्यायचं ठरवून तीन वर्षं वाट पाहिली, आणि मिळालेली मुलगी नेमकी माझ्याच जिल्ह्यातली निघाली. मला ते नशीब वाटलं.

तिचा पासपोर्ट येईपर्यंत आम्ही मिरजगावला माझ्या माहेरी राहिलो. रोज एसटीने नगरला जायचं, तास-दीड तास तिच्याशी खेळायचं आणि परत यायचं. माझ्या मांडीवर ती शहाण्यासारखी बसायची. दारात संस्थेतली मावशी दिसली की उठून जायची. आठ महिन्यांची असल्यापासून याच मावशींनी तिला सांभाळलं होतं. पन्नाशीच्या, किडकिडीत, कमी बोलणाऱ्या. पुढे पुढे आम्ही आलो की त्या मुद्दाम मागच्या अंगणात जाऊन बसायच्या.

निघायच्या दिवशी सकाळी मावशींनी तिच्या दोन घट्ट वेण्या घातल्या आणि तिला कडेवर घेऊन माझ्या भावाच्या गाडीपर्यंत आणलं. मुलीच्या मुठीत मावशींच्या पदराचा बोळा होता. तो काही सुटेना.

"तू हो म्होरं," मावशी म्हणाल्या. "कपडे वाळत घातल्यात, तेवढे काढते आन् मागनं येतेच."

"खरं?"

"खरं. इचार तुज्या आईला."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, येणार आहे ती."

मूठ सुटली. मावशी वळून सरळ आत गेल्या. त्यांनी हातसुद्धा हलवला नाही.

मुलगी मागच्या सीटवर गुडघे टेकून काचेतून मागे बघत राहिली. मागून जीप आली की विचारायची, "ही का मावशीची?" पहिल्या दोन-तीन वेळा मी "असेल" म्हणाले. सुपा गेलं, शिरूर गेलं. मग मी झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, "हे कोण तुझे?"

"ह्ये बाबा. ही आई." शिकवल्यासारखं तिने नीट सांगितलं. पुढे म्हणाली, "आन् मावशी मागनं येतीय."

तो थांबला. कोण मावशी, कुठली मावशी, सगळे कागद पुन्हा चाळले गेले. एका बाई अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. मी हळू आवाजात खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे पोरीला माहीत नाही?"

"सांगणार आहे," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आम्हाला सोडलं.

विमानाचं दार लावताना मात्र तिने माझी बाही ओढली. "त्यांला म्हन ना, लावू नका. ती यायचीय." दार लागलं. तेव्हा ती रडली. तोंड उघडं, गालांवरून पाणी वाहतंय, आणि आवाज अजिबात नाही. शेजारच्या प्रवाशाला कळलंसुद्धा नाही. मी तिचे डोळे पुसत राहिले, आणि तेव्हाही खरं सांगितलं नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा आवाज आला की ती ताटावरून उठून दाराशी जायची. दुसरं कुणी तरी बाहेर पडायचं, ती परत येऊन बसायची. असे तीन आठवडे गेले. तोवर मलाही त्या आवाजाची सवय लागली. ती झोपलेली असतानाही लिफ्ट थांबली की माझ्या हातातलं काम थांबायचं. वाटायचं, दाराबाहेर कुणी तरी उभं आहे, हातावर कपड्यांचा ढीग घेऊन. एकदा मी दार उघडून पाहिलं. जिना रिकामा होता.

त्याच दुपारी मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "मावशी येणार नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

"तू खोटं बोलली?"

"हो."

तिने दोन्ही मुठींनी मला मारलं आणि ओरडली. इतका मोठा आवाज तिच्यात आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई घाबरून वर आल्या. नंतर कितीतरी दिवस तिने मला आई म्हटलं नाही. काही हवं असलं की नुसतं बोट दाखवायची.

मी संस्थेत फोन लावला आणि मावशींना बोलवायला सांगितलं. झालं ते सगळं त्यांना सांगितलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "मला न्हाई जमत. अशा लई जनींला म्हनलंय मी, मागनं येते. कुनाकुनाच्या मागं जाऊ?" मग त्यांनी विचारलं, "जेवती का पन नीट?"

"जेवते."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

आता मुलगी नऊ वर्षांची आहे. मला आई म्हणते, भांडते, दणक्यात रडते. त्या वेळचं तिला काहीच आठवत नाही. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "मला आणलंत तेव्हा काय झालं होतं?" मी काही न लपवता सांगितलं, माझं खोटंसुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिचं नाव काय?"

मला सांगता येईना. नवऱ्यालाही नाही. आम्ही फाईल काढली. त्यात डॉक्टरांचं नाव होतं, अधीक्षकांचं होतं, शिक्के होते, सह्या होत्या. मी संस्थेत फोन केला. नव्या अधीक्षक बाई म्हणाल्या, "कुठल्या मावशी? इथे सगळ्यांना मावशीच म्हणतात."

मुलगी माझ्या शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.