कोंडीची राखण

बाबा कुवेतला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतून खाली बघत त्यांनी विचारलं, "इथली नदी कुठल्या बाजूला?"

"नदी नाही."

"ओढा?"

"ओढाही नाही. समुद्राचं पाणी कारखान्यात गोड करतात, तेच नळाला येतं."

त्यांनी चहाचा कप जरा लांब धरून बघितला, मग प्यायले. "चहा बरा होतो पण," म्हणाले.

आई गेल्यापासून ते कोकणातल्या घरी एकटेच होते. व्हिजिट व्हिसावर मी त्यांना कुवेतमधल्या रिग्गईला, माझ्या घरी, आणलं ते पाहुणे म्हणून, पण माझा विचार त्यांना ठेवूनच घ्यायचा होता. मुदत वाढवता येईल का, हे मी ऑफिसातल्या मंदूबला, म्हणजे आमची सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाला, विचारून ठेवलं होतं. होईल म्हणाला. राहिला होता बाबांचा होकार. डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्या माणसाने निसरड्या दगडांवरून एकट्याने हिंडू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

निसरडे दगड म्हणजे आमची नदी. ती इतकी लहान की डोंगरातून निघाल्यापासून खाडीला मिळेपर्यंत माणूस तिच्या काठाने एका दिवसात चालून जाईल. वर नुसते धोंडे, करंजाची झाडं आणि पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या. मध्ये देवाची कोंड. काळ्या पाण्याचा खोल डोह, त्यात मोठ्या खवल्यांचे मासे, आणि ते कोणी धरायचे नाहीत. चुरमुरे टाकले की तोंडं उघडून वर यायचे. उद, म्हणजे पाणमांजर, मात्र खुशाल येऊन खायचा. "उदाला माफी आहे," असं गावात म्हणायचे. कोंडीच्या खाली बंधारा. बंधाऱ्याखाली भरतीचं खारं पाणी, तिवरं, चिंबोऱ्या आणि चिखलात ऊन खात पडलेली एखादी मगर.

लहानपणी मला या सगळ्याचं कौतुक नव्हतं. नदीवर जायचं ते धुणं घेऊन. आवडायची ती राखण. मृगात पाणी लाल झालं की पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, घेऊन मासे प्रवाहाच्या उलटे वर चढायला लागतात. बंधाऱ्यावरून उड्या मारतात, पडतात, पुन्हा मारतात. तेव्हा त्यांना कोणीही काठीने मारू शकतो. हल्ली तर ब्लीचिंग पावडर टाकून अख्खा डोह मारतात. म्हणून चढणीच्या दिवसांत गाव कोंडीवर राखण ठेवतं. घरटी पाळी असते. आमच्या पाळीला आई आणि मी पावसासाठी इरली पांघरून धोंड्यावर बसायचो. भाकरी आणि सुकटाची चटणी खात मासे राखायचो आणि त्यात आम्हाला काही विचित्र वाटत नसे. तो धोंडा मला अजून आठवतो. बसायला अत्यंत गैरसोयीचा होता.

इथे बाबा फार बोलत नव्हते आणि जेवत त्याहून कमी होते. एका शुक्रवारी ओहोटीच्या वेळी त्यांना सुलैबिखातच्या किनाऱ्यावर नेलं. दूर फ्लेमिंगो उभे होते, त्यांच्याकडे बाबांनी बघितलं नाही. ते चिखलाकडे बघत होते. चिखलात निवट्या, आमच्या खाडीत असतात तेच छोटे मासे, उड्या मारत होत्या.

"ह्या इथे कशा आल्या?"

"ऑन व्हिसा, आजोबा," माझी मुलगी म्हणाली. ती अकरावीत आहे आणि मराठीला इंग्रजीतच उत्तर देते. बाबा मोठ्याने हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच.

मला वाटलं, जमतंय. म्हणून पुढच्या शुक्रवारी दोघांना मासळी बाजारात नेलं. बांगलादेशी विक्रेत्याने चांदीसारखा चमकणारा रुंद मासा उचलून दाखवला. "दीदी, इलिश लो. अरबी लोग सुबूर बोलता."

बाबांनी माशाच्या पोटावरून अंगठा फिरवला. "हा तर पाला, आपल्या खाडीत येतो तो मासा," म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून, "पण चैत्रात? पूर नसताना हा चढतो कशात?"

"बसरा का नदी में जाता है, चाचा. अंडा देने."

मुलीने फोनवर शोधलं. तिकडे उत्तरेला, तुर्कस्तानच्या डोंगरांत, वसंतात बर्फ वितळतं. ते पाणी नद्यांतून खाली येतं, आणि आखातातला सुबूर मुखाशी येऊन वर चढतो. तिने हे इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत सांगायला लागले तर बाबांनी हात वर केला. त्यांना समजलं होतं.

"म्हणजे यांचा पूर बर्फाचा," ते म्हणाले. "ठीक आहे. घे दोन."

तिरफळं आणि कोकम घालून कालवण केलं, गाबोळी तळली. पाल्याला काटे फार. लहानपणी बाबा मला काटे काढून द्यायचे, त्या दुपारी मी त्यांना काढून दिले. त्यांनी दोनदा भात घेतला. मी मनात मंदूबला फोन लावूनसुद्धा टाकला.

"बाबा, मग मुदत वाढवून घेऊ ना?"

त्यांनी गाबोळीचा तुकडा ताटाच्या कडेला सरकवला. "हे चैत्रात निघाले. आपले मृगाला निघतील."

"निघू देत."

"चढणीला कोंडीवर आपली पाळी असते."

"दुसरं कोणी घेईल."

"घेईल. आणि झोपेल." मग म्हणाले, "तुझी आई कधी झोपली नाही."

ती खरंच झोपायची नाही. मला चिमटे काढून जागं ठेवायची. माणूस राहावा म्हणून त्याला चढणीचाच मासा खाऊ घालायचा, ही अक्कल माझी. त्या माशाने त्यांना तारखेची आठवण करून दिली.

मुदत वाढवली नाही. जलीबच्या एका दुकानातून तळाला चांगली पकड असलेले रबरी बूट घेतले आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवले. मुलीने चुरमुऱ्यांची पिशवी आणली. ती मी काढायला लावली. चुरमुरे तिकडे मिळतात. ती रुसली, तेव्हा पुन्हा ठेवली.

जूनमध्ये मी ऑफिसातून घरी येत होते. सिग्नलला गाडी उभी होती, बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली. बाबांचा फोन आला. मागे पाण्याचा एवढा आवाज की ते ओरडूनच बोलत होते.

"लाल झालं पाणी. चढतायत. ऐकू येतं का?"

येत होतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी मी थोडा वेळ तशीच थांबले.

"बूट घातलेत का?" मी विचारलं.

"घातलेत. तू गाडी चालव."