नहरीच्या अलीकडचं धान

गोंदियाहून गाडी सुटली तेव्हा डोक्यात फक्त पाठ केलेली उत्तरं होती. रायपूरच्या विद्यापीठात मुलाखत होती. निवडलेल्या एका विद्यार्थ्याला भातशेतीचा अभ्यास करायला एका सत्रासाठी व्हिएतनामला पाठवणार होते. जागा एकच. आमच्या गावच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे ती मला मिळावी अशी सगळ्यांची आशा. अडचण अशी की त्याच जागेसाठी माझी चुलत बहीण स्नेहाही बसली होती, आणि मी उतरणार होतो तिच्याच घरी.

काका रेल्वेत. ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे मोहल्ला) त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. एका खोलीत स्नेहाचं स्वतःचं टेबल, दिवा, कॉम्प्युटर. ते पाहिलं आणि काकूंनी वाढलेला गरम चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) ताटातच गार झाला. स्नेहा अर्थशास्त्र शिकते आणि माझ्याशी हिंदीत बोलते.

"भैया, टेन्शन में हो क्या?"

"मराठीत बोल न गे पोट्टे," काका म्हणाले.

"समजता है उनको, पापा."

समजत होतं. पण तिच्यासारखं न अडखळता बोलता येत नव्हतं.

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. स्नेहा म्हणाली की तिने धानाची बांधी (बांध घातलेलं शेत) कधी जवळून पाहिलीच नाही, दाखवता का? खरं सांगतो, मला बरं वाटलं. निदान एका गोष्टीत मी पुढे होतो. तिच्या स्कूटीवर मागे बसून निघालो. रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीचे रस्ते एवढे रुंद की त्यांच्यावर गाई निवांत बसल्या होत्या. आमच्या गावच्या रस्त्याची आठवण येऊन त्या रस्त्यांचाही हेवा वाटला.

राजधानी मागे पडली, एक नहर (कालवा) लागली आणि तिच्या अलीकडच्या बांधीत मी ते पाहिलं. वीतभर वाढलेल्या हिरव्यागार धानावरून एक माणूस बैलांचा नांगर फिरवत होता! जमीन राजधानीत गेली आणि हा रागाने पीक मोडतो आहे, असं मला वाटलं. मी बूट न काढताच चिखलात धावलो. "थांबा! काहून मोडून राहिले धान?"

त्याने बैल थांबवले. "का होगे बाबू? काबर चिचियात हस?" (काय झालं? कशाला ओरडतोस?) बांधावरच्या त्याच्या बायकोने हसू लपवायला पदर तोंडावर घेतला. "बियासी ए, ददा!"

बियासी म्हणजे आधी बी फेकून पेरायचं आणि पावसाचं पाणी साचलं की उभ्या रोपांतून हलका नांगर फिरवायचा. तण मरतं, रोपं विरळ होतात. आमच्याकडे रोवणी असते, हातानं एकेक रोप लावायचं. मी पुस्तकात बियासी वाचली होती, तरी डोळ्यांना ओळखता आली नाही.

मी चिखलात रुतलेले बूट उपसत बांधाकडे वळलो. स्नेहाने मात्र बांधावर बसून सरळ विचारलं, "आप लोग रोपा क्यों नहीं लगाते?"

त्याने नहरीच्या पलीकडे बोट दाखवलं. तिकडे पाणी पोचतं, त्याच्या शेतात चढत नाही. पलीकडचं शेत त्याच्या मेहुण्याचं. बी तेच, पण मेहुणा वेळेवर रोवणी करतो, खत देतो. "मोर खाद त बोहा जाही, नइ त सुक्खा म परे रइही." (माझं खत वाहून जाईल, नाही तर कोरड्यात पडून राहील.) मग हसत म्हणाला, "ओकर धान ल देखथंव त मोर पेट पिराथे." (त्याचं धान पाहिलं की माझं पोट दुखतं.)

कशाचं दुखणं ते, मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीला सगळ्यांना एकत्रच बसवलं होतं. अपेक्षित प्रश्न आला. व्हिएतनाममध्ये एकरी धान आपल्यापेक्षा इतकं जास्त का? मी सुधारित बियाणं, खत, यंत्रं असं धडाधड सांगितलं. एका मॅडमनी विचारलं, "मग आपले शेतकरी ते का वापरत नाहीत?"

माझे बाबा खताची गोणी घरात ठेवून आभाळाकडे बघत बसतात. हेच सांगायचं होतं. पण समोर इस्त्रीचे कपडे, थंड खोली. तोंडातून निघालं, "जागरूकता नाही."

मग स्नेहाने त्या शेतकऱ्याची आणि त्याच्या मेहुण्याची गोष्ट सांगितली. पाण्याची खात्री नसेल तर शहाणा माणूसही खर्च करत नाही, आणि देशादेशांतल्या फरकात या खात्रीचा मोठा वाटा आहे, असं ती म्हणाली. संध्याकाळी यादीत तिचं नाव होतं. स्टेशनवर ती सोडायला आली. मी अभिनंदन केलं, पण तिच्याकडे न बघता.

गावी पोचलो तेव्हा रोवणी चालू होती. बाबांनी वाकूनच विचारलं, "काय विचारलं तुले?" मी प्रश्न सांगितला आणि उत्तर म्हणून स्नेहाचं उत्तर सांगून टाकलं.

"बराबर सांगतलं," बाबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी मला असं म्हटलं होतं! ती शाबासकीसुद्धा तिचीच होती.

चार-सहा रोपं लावून झाल्यावर मी म्हणालो, "ते स्नेहानं सांगतलं. मी म्हणलं, शेतकऱ्याले समजत नाही."

बाबा उभे राहिले. "म्हंजे मले समजत नाही?" आणि मग मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही.

हेवा अजून गेलेला नाही. व्हिएतनामचा आहे, तिच्या टेबलाचा आहे. पण सगळ्यांत जास्त याचा, की त्या थंड खोलीत शेतकऱ्याबद्दल बोलताना तिला लाज वाटली नाही. शेतकरी काही तिचा बाप नव्हता. माझा होता, आणि तरी त्याची बाजू तिने मांडली.