व्हायवाच्या अर्धा तास आधी उत्तर बदललं

मंडळी, घाईघाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आज माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होती. आमच्या गावी, पिशोरला, काकांच्या विहिरीचं पाणी कुठवर पुरेल, ते कॉम्प्युटरवर गणितानं काढायचं. माझं उत्तर होतं एप्रिल. त्याच भरवशावर काका एप्रिलपर्यंत पाणी लागणारा उन्हाळी कांदा लावणार होते.

डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या पहिल्या सेमिस्टरला शिकवलेली एक तपासणी केली. माझा प्रोग्राम दहा-दहा दिवसांच्या उड्या मारत पुढं जायचा, मी उडी पाच दिवसांची केली. उत्तर हलायला नको होतं. हललं. फेब्रुवारी! अजून निम्मी केली, तरी फेब्रुवारीच.

धावत जाऊन गाईड सरांना दाखवलं. ते म्हणाले, "रिपोर्ट बाइंड झालाय. परीक्षक विचारणार नाहीत, तू बोलू नकोस."

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम एप्रिलचा आलेख बघून "छान" म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, हा चुकलाय."

सरांनी मान खाली घातली. मी सगळं सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "काकांना कळवलंस?"

"नाही."

"मग आधी फोन लाव."

तिथंच, सगळ्यांसमोर लावला.

"आगं, उद्याच लागवड व्हती!" काका ओरडले. मग म्हणाले, "म्हंजी तुझं कॉम्प्युटर खोटं बोलत व्हतं व्हय?"

"नाही काका. मीच तपासलं नव्हतं."

मार्क अजून कळायचेत. माझ्या प्रोफाइलवर वर्षभर 'गणितज्ञ' लिहिलेलं आहे. खरं सांगा, ठेवू का काढू?