वसईच्या किल्ल्यात मामंजी हरवले तेव्हा

माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. जव्हारला राजेसाहेबांचा अंमल होता. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, लाकडाचा आणि हिरड्याचा व्यापार. माल बैलगाड्यांतून घाट उतरून मनोरच्या बंदरात जायचा, तिथून मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, चढायचा आणि वैतरणा नदीतून खाली समुद्राला लागून, किनाऱ्याकिनाऱ्याने वसईला पोचायचा. एका वर्षी जेवताना मामंजी एकदम म्हणाले, "या खेपेला तुम्हीही चला. वसईचा किल्ला दाखवतो." दुकान बघायला माझे यजमान मागे राहिले आणि सासूबाई आणि मी निघालो.

विहीर सोडली तर सासूबाईंनी गुडघ्यापेक्षा खोल पाणी कधी पाहिलं नव्हतं. मचव्यात पाय ठेवला आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. लाकडांच्या ओंडक्याला धरून त्या रामरक्षा म्हणत बसल्या. नदी मात्र ताटातल्या पाण्यासारखी स्वस्थ. बऱ्याच वेळाने त्यांनी एक डोळा उघडला.

"काय गं, आपण निघालो का?"

"केव्हाच! मनोर मागे राहिलं."

मग दुसरा डोळा उघडला. दुपारपर्यंत त्या पार पुढे नाळेवर जाऊन बसल्या होत्या आणि तांडेलाला, म्हणजे मचव्याच्या मुख्य खलाशाला, प्रत्येक वळणावर विचारत होत्या, "हे गाव कुठलं? आणि ते पलीकडचं?" तो बिचारा शीड सोडून गावंच सांगत राहिला.

वाटेत भरती-ओहोटीसाठी थांबत, मुक्काम करत एका सकाळी आम्ही वसईला लागलो. माल उतरेपर्यंत दिवस आमचा होता. तांडेलाने एवढंच बजावलं, "भरती लागली की मी थांबायचा नाही. हाक मारीन, या."

किल्ला म्हणजे मला एखादी गढी वाटली होती. हे तर अख्खं शहर, आणि त्यात माणूस नाही. रस्ते होते, चौक होते, पडक्या चर्चच्या उंच भिंती होत्या आणि छपराच्या जागी आभाळ. आत ताडमाड माजलेले. मामंजींना इतिहासाचं वेड. दरवाजातून शिरल्यापासून त्यांचं तोंड थांबलं नाही. "इथे सुरुंग लावला. इथून आपली फौज आत घुसली." काठी उगारून ते असे धावायचे, की जणू फौजेत तेच पुढे होते. आम्ही मागून चालत होतो. एका चर्चमध्ये सासूबाई टेकल्या, मीही टेकले. उठून बघतो तो मामंजी नाहीत.

या कमानीत पाहिलं, त्या भिंतीआड पाहिलं. कुठेच पत्ता नाही.

"हाक मार की," सासूबाई म्हणाल्या.

"मी? सासऱ्यांचं नाव घेऊन?"

सासूबाईंनी तरी नवऱ्याचं नाव कुठे घेतलं होतं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग आम्ही दोघी "अहो! अहो!" करून ओरडलो. तिथे कावळ्यांशिवाय कोणी ओ देईना.

तेवढ्यात गवताचा भारा घेऊन एक ख्रिस्ती बाई आली. लाल लुगडं, कानात मोठाले दागिने. तिने विचारलं, "कोन हरवला, बाय?"

"आमच्या घरातले," सासूबाई म्हणाल्या.

"नाव काय त्यांचा? मी मारते हाक."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. शेवटी सासूबाई लाजत म्हणाल्या, "डोंगर उचलला ना एका देवाने, त्याचं नाव."

"मारुती?"

"तो नव्हे. करंगळीवर उचलला तो."

बाईचे शेजारी हिंदू असावेत, तिला पुष्कळ नावं ठाऊक होती. "गोपाळ? माधव? गोविंद?"

"जवळ आलीस, अगदी जवळ आलीस!" सासूबाई टाळ्या पिटायच्या तेवढ्या राहिल्या.

बाईने भारा खाली टाकला आणि "गोविंदाऽऽ!" अशी आरोळी ठोकली. वरून आवाज आला, "काय गो?" मान वर करून बघतो तर ताडाच्या शेंड्यावर एक भंडारी, ताडी काढणारा! त्याचं नाव गोविंद. आम्ही तिघी अशा हसलो, की सासूबाईंना पदर तोंडात धरावा लागला.

पण त्याचा उपयोग झाला. त्याने झाडावरूनच चौफेर पाहिलं. "तटावर एक पागोटंवाला दिसतो. काठी नाचवतो आणि बकऱ्यांशी बोलतो."

"तेच!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

गोविंदाने "ओ पागोटंवालेऽ" म्हणून हाका मारल्या. मामंजींनी ढुंकून पाहिलं नाही. लढाई ऐन रंगात आलेली असणार. इतक्यात बंदराकडून तांडेलाची आरोळी आली, "भरती लागलीऽऽ!"

सासूबाईंचा चेहरा बदलला. त्या ताडकन उठल्या, चर्चच्या मोडक्या पायऱ्यांवर चढल्या, पदर कमरेला खोचला आणि मामंजींच्या नावाने अशी हाक मारली, की मी कानांवर हात ठेवले. नुसतं नाव नव्हे. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं! त्या पडक्या भिंतींनी ते परत म्हणून दाखवलं.

मामंजी धावत आले. धाप लागलेली, पागोटं कलंडलेलं.

"कोणी हाक मारली मला?"

सासूबाई खाली बघून लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होत्या. ती ख्रिस्ती बाई पुढे झाली. "मी मारली, शेट."

"तुला माझ्या वडिलांचं नाव कसं ठाऊक?"

बाईने क्षणभर विचार केला. "तुमची सून बोलली ना."

मी खाली मान घातली आणि तो आळ अंगावर घेतला. सुनेने सासऱ्यांचं नाव घेतलं म्हटल्यावर मामंजींनी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी मात्र सासूबाईंकडेच दोनदा वळून पाहिलं.

आम्ही बंदराकडे पळालो. बाईने धावत येऊन सासूबाईंच्या ओटीत सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी टाकली. एरवी परक्या घरचं पाणीही न पिणाऱ्या सासूबाई पुडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उन्हात वाळलंय ना? चुलीवर तर नाही शिजवलं." आणि मचवा सुटायच्या आत दोन खाल्ली.

मचवा वैतरणेत शिरल्यावर मामंजी नाळेवर त्यांच्याजवळ जाऊन बसले. चारचौघांत ते असे कधी बसत नसत. मग म्हणाले, "आवाज चांगला लागतो हो."

"कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"त्या बाईचा," मामंजी म्हणाले आणि सुकेळ्यासाठी हात पुढे केला.