जावईबापूंकडं फोन दे

आई-वडील कळंबला राहतात आणि आम्ही दोघं धाराशिवला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझे मिस्टर सरकारी कचेरीत आहेत. माणूस हुशार, पण हत्यारांशी त्यांचं जमत नाही. आमच्या घरातला बल्बसुद्धा मीच बदलते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं दुखणं यावरूनच सुरू झालं.

दोन हिवाळ्यांमागं आईचे गुडघे इतके धरले की चुलीवर पाणी तापवून बादली उचलणं तिला होईना. कळंबला सकाळची लाईट बेभरवशाची, म्हणून मी गॅस गिझर घ्यायचं ठरवलं. टाकी नसलेला, भिंतीवरचा. नळ सोडला की आतला बर्नर आपोआप पेटतो आणि वाहतं पाणी तिथल्या तिथं तापतं. समोर छोटी काच असते, तिच्यावर पाण्याचं तापमान दिसतं आणि काही बिघडलं की 'ई' हे इंग्रजी अक्षर आणि पुढं एक आकडा. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, ते सोबतच्या माहितीपुस्तकात असतं. चार दुकानं फिरून मी तो निवडला, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवायचा हेही मीच सांगितलं. पण बसवायच्या दिवशी माझ्या शाळेत परीक्षा होती. मिस्टरांनी रजा टाकली आणि कळंबला जाऊन मिस्त्रीजवळ उभे राहिले. झालं. त्या दिवसापासून तो जावयानं बसवून दिलेला गिझर झाला. आबा गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

पहिला बिघाड झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. मिस्टरांचा फोन वाजला. त्यांना फोन स्पीकरवर टाकून बोलायची सवय आहे, त्यामुळं आबांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"जावईबापू, काचंवर ई अन् एक आलंय बघा. टकटक करतंय, पण पेटत न्हाय."

मिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. ई-एक म्हणजे ज्योत पेटली नाही, एवढं मला पाठ होतं. ठिणगी पडते ती सेलवर, आणि सेल बसवल्यापासून तेच होते. मी हळूच म्हणाले, "सेल बदलायला सांगा. दोन्ही एकदम."

"मामा, सेल बदलून बघा," हे म्हणाले. "दोन्ही एकदम बदला."

थोड्या वेळानं परत फोन आला. "पेटलं की. काय डोकं हाय तुमचं, जावईबापू. आमची हयात इंजनात गेली, पण हे सुचलं न्हाय बघा."

मिस्टर माझ्याकडं बघून हसले. त्यांना गंमत वाटली. मलाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. दहावीला मला विज्ञानात पैकीच्या पैकी पडले तेव्हा आबा नुसतं "बरं झालं" म्हणाले होते. काय डोकं हाय तुझं, असं मला ते कधी म्हणाले नव्हते.

काही दिवसांनी पुन्हा तेच. सेल नवे, तरी ई-एक. "आजच गॅसची टाकी बदलली," असं आबा बोलता बोलता म्हणून गेले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवीन सिलिंडर लावताना पाईपमध्ये हवा शिरलेली असते, गॅस बर्नरपर्यंत पोचायला वेळ लागतो. नळ चार-पाच वेळा सोडायचा, बंद करायचा, की पेटतो. मी पुटपुटले, ह्यांनी सांगितलं, गिझर पेटला. आबा इतके खूश झाले की त्यांची गाडी थांबेना. "हवा. म्हंजे डिझेलच्या पायपासारखंच की," असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. मी गच्चीवरचे कपडे काढायला निघून गेले. खरं सांगायचं तर मला ते ऐकवत नव्हतं. कपडे घेऊन खाली आले तरी दोघं बोलतच होते.

त्यानंतरच्या एका जेवणात हे सहज म्हणाले, "तुझ्या बारशाला मामा शेवटी कधी पोचले?"

"कशाला कधी पोचले?"

"बारशाला. येरमाळ्याच्या यात्रेत बस बंद पडली होती ना. माणसं खचाखच भरलेली, डिझेलच्या पायपात हवा धरलेली. मामा बारशासाठी शिवलेला नवा सदरा घालून निघाले होते, तसेच गाडीखाली शिरले. सगळी हवा काढून गाडी चालू केली तोवर इकडं पाळणा हलवून झाला होता. तेलानं काळ्या झालेल्या सदऱ्यानंच त्यांनी तुला घेतलं म्हणे, अन् तुझी आत्या ओरडली. तुला माहीत नाही?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलं, तुला माहीतच असेल."

बारसं माझं. वडील माझे. आणि ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत, मला नाही. मला कुणाच्या साडीचा, दागिन्याचा, बंगल्याचा हेवा वाटलेला आठवत नाही. पण त्या दिवशी समोर बसून वरण ओरपणाऱ्या या भल्या माणसावर मी जळत होते, आणि ते मला कळतही होतं. माणूस भला आहे म्हणून तर जास्तच. भांडायलाही काही कारण नव्हतं.

मग मी ठरवलं की आबांना आपणच फोन करायचा. केला.

"आबा, गिझर कसा चाललाय?"

"बरा हाय."

"पाणी चांगलं तापतं का?"

"तापतंय की."

"काही अडचण आली तर मला विचारा."

"बरं." थोडं थांबून म्हणाले, "थांब, आईला देतो."

आणि त्यांनी फोन आईला दिला. असं तीनदा झालं. एकदा तर फोन उचलल्या उचलल्याच म्हणाले, "जावईबापूंकडं फोन दे की जरा." ते अंघोळीला गेलेत म्हटल्यावर, "मग करतो मागनं," म्हणून ठेवून दिला.

गेल्या हिवाळ्यात मिस्टर कचेरीच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले होते. आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली की चुलीवर पाणी ठेवलंय. मी विचारलं, चुलीवर कशाला?

"गिझर बंद हाय. ई अन् चार दाखवतोय. जरा येळ चालतो अन् बंद पडतो."

"कधीपासून?"

"झाले की काही दिवस. हे म्हणतेत, जावईबापू गावाला गेलेत, त्यांच्या कामात कशाला तरास द्यायचा. आले की इचारतो."

"आणि तू बादल्या उचलतीस?"

"हे उचलतेत. पण त्यांची बी बोटं आता धरत न्हाईत बघ."

मला भयंकर राग आला. म्हातारी माणसं चुलीवर पाणी तापवतील, जावयाची वाट बघत बसतील, पण पोरीला विचारणार नाहीत. मिस्टरांना फोनवर सगळं सांगितलं आणि रविवारी सकाळची गाडी धरली. येरमाळ्यापर्यंत मी मनातल्या मनात आबांशी भांडत होते, तिथून पुढं मिस्टरांशी.

आबा ओट्यावरच बसले होते. मला बघून उठले आणि माझ्या मागं पाहू लागले.

"जावईबापू न्हाय आले?"

"नाही. मी आलेय."

"ते कवा येणार?"

"ते येऊन काय करणार आहेत, आबा?"

मी पिशवी आत टाकली आणि सरळ मागच्या अंगणात गेले.

नळ सोडला. बर्नर पेटला, काचेवरचे आकडे भराभर चढले आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊन ई-चार आलं. ज्योत विझली. आबा मागं येऊन उभे होते.

"पाणी फार तापलं की तो स्वतःच बंद पडतो," मी म्हणाले. "ई-चारचा अर्थ तोच."

"म्हनून गॅसचं बटन कमी केलं म्या. तरी तेच."

"धार बघा ना किती बारीक आहे. आग तेवढीच आणि पाणी थोडं. मग उकळणारच. पाणी कुठंतरी अडतंय."

आबांनी धारेखाली हात धरला. "बोअरचं पाणी हाय. लई जड. भगुनी पांढरी पडतेत."

पाणी आत जातं त्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, तिच्यात क्षार बसला असणार. मी रेग्युलेटर बंद केला, पाण्याचा कॉक बंद केला आणि पाना मागितला. आबा आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात फडक्यानं पुसलेला पाना होता. तो त्यांनी माझ्याकडं दिला नाही, स्वतःच नटाला लावला. जोर केला, पण बोटं घसरली. पुन्हा लावला, पुन्हा घसरली. मग पाना माझ्यापुढं धरला.

लहानपणी मी त्यांच्या पेटीला हात लावला की ते म्हणायचे, "काळी होशील, जा, अभ्यास कर." त्या पेटीतलं काही त्यांनी माझ्या हातात दिल्याचं मला आठवत नाही.

"आधी नीट बसू दे," ते म्हणाले. "हां. आता हिसका न्हाय मारायचा. दाबून धर, अन् मग हळू. डावीकडं."

नट सैल झाला. जाळी बाहेर काढली तर छिद्रं दिसतच नव्हती, चुन्याचा पापुद्रा बसलेला. आईनं वाटीत लिंबं पिळून दिली. त्यात जाळी टाकली, तशी ती फसफसायला लागली. ती मोकळी होईपर्यंत आम्ही दोघं न्हाणीच्या पायरीवर बसलो.

मला राहवलं नाही. "आबा, सेलचं मी सांगितलं होतं. हवेचंही मीच सांगितलं होतं. ह्यांना त्यातलं काही कळत नाही."

"माहीत हाय," आबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तू मागनं बोलतीस की. ऐकू येतंय मला."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते वाटीत बघत होते.

"मग मला का नाही विचारत?"

आबा म्हणाले, "जावयाशी काय बोलायचं असतंय माणसानं? ते कागदातले, म्या डिझेलमधला. लगीन होऊन इतकी वर्सं झाली, जेवले का, बरं हाय का, ह्याच्याम्होरं आमचं सरकत न्हवतं. दोघं बी भिताडाकडं बघत बसायचो. हे यंत्र आलं अन् बोलायला कायतरी झालं. चांगला माणूस हाय. ऐकून घेतो."

"आणि माझ्याशी?"

"तुझ्याशी काय. तू घरचीच."

"घरच्यांशी बोलायचं नसतं व्हय, आबा?"

त्यांनी बोटानं वाटीतली जाळी उलटी केली आणि म्हणाले, "झाली असंल बघ आता. जुना ब्रश हाय का इचार आईला."

ब्रशनं घासल्यावर जाळी लख्ख झाली. परत बसवली, नट मी आवळला, आबांनी त्यावर हात फिरवून बघितला. नळ सोडला तर धार जाड आली, बर्नर पेटला आणि आकडा चढून एका जागी थांबला. आई लगेच टॉवेल घेऊन आत गेली.

मी हात धुऊन स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. बाहेरच्या ओट्यावरून आबांचा आवाज आला. मिस्टरांना फोन लावला होता.

"झालं बरं का, जावईबापू. काळजी करू नका. पोरीनं केलं. धार बघितली अन् सांगितलं, आत अडकलंय म्हनून. आमच्या वर्कशॉपला असती तर हेड मेकॅनिक झाली असती. पाना असा धरला बघा, शिकवावं लागलं न्हाय."

शिकवावं लागलं न्हाय, हे खोटं होतं. पण मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. आनंद झाला, नाही असं नाही. आणि त्याच वेळी तोच जुना हेवाही जागा झाला. माझं कौतुक झालं, तेसुद्धा ह्यांच्यापाशी. मी तर पाच पावलांवरच होते. मी चहा नेऊन दिला, तेव्हा आबा नुसतं म्हणाले, "साखर बरी हाय."

निघताना त्यांनी खव्याच्या पेढ्यांचा पुडा दिला. "जावईबापूंना दे." जावई गावाहून परतले की इकडं येतील म्हणून आधीच आणून ठेवला होता. बस कळंबच्या बाहेर पडल्यावर मी पुडा उघडला आणि दोन पेढे खाल्ले. मग आणखी एक.

मिस्टर परत आले, तेव्हा त्यांनी आबांचं सगळं बोलणं मला सांगायला घेतलं. मी म्हणाले, ऐकलंय मी. त्यांनी पुडा उघडून पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि उरलेल्यातला एक पेढा तोंडात टाकला.

परवा पुन्हा ई-एक आलं. फोन ह्यांच्याच फोनवर आला. ह्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची जरा मागं घेतली. मी म्हणाले, "आबा, मी बोलतेय." आबा म्हणाले, "बरं. तूच सांग मग." या वेळी रेग्युलेटरच नीट उघडलेला नव्हता. पेटलं. आबा म्हणाले, "हुशार हायस." पहिल्यांदाच. मी पुढं काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "जावईबापू जेवले का? दे जरा त्यांच्याकडं."

मी फोन त्यांच्याकडं सरकवला. दोघं बोलत राहिले, शेजारच्या नव्या बोअरबद्दल आणि तिला लागलेल्या पाण्याबद्दल. मी मेथीची जुडी घेऊन तिथंच बसले आणि निवडता निवडता ऐकत राहिले.