नव्या चेहऱ्याच्या आधीची गाडी

तळेघरच्या आरोग्य केंद्रात मी नर्स होते आणि राहायला घोडेगावात. सकाळची एसटी चुकली की दुपारपर्यंत दुसरी नसायची. मग वडापच्या जीपमध्ये अर्ध्या मांडीवर बसून जायचं आणि पुढे वस्तीवर पोचायला भातखाचरांचे बांध तुडवायचे. चाळिशी उलटली, उजवा खांदा आखडायला लागला, तेव्हा घरात मीच विषय काढला. आपण गाडी घ्यायची. ह्यांना चालवण्याची हौस नव्हती. मी मात्र मंचरला रोज जाऊन, आठ-दहा पोरांत एकटी बाई, गाडी शिकून आले होते.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. माझ्या पाठच्या बहिणीचा नवरा हायवेवरच्या एका शोरूममध्ये सेल्समन होता. निरगुडसरला त्यांचं घर. आई लवकर गेली, त्यामुळे या बहिणीच्या वेण्या मीच घातल्या, शाळेत मीच सोडलं, लग्नाची बोलणीसुद्धा मीच केली. तेव्हा गाडी घ्यायची म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

एका रविवारी निरगुडसरला गेले. आदल्या आठवड्यात पेपरात वाचलं होतं, की मला आवडलेल्या गाडीचं नवं रूप येणार आहे. मी सरळच विचारलं, "पावणं, नवीन मॉडेल येतंय म्हणतात. थांबू का मी?"

"कोण म्हणतं? पेपरवाले काय बी छापत्यात, ताई. वरीसभर तरी काय येत न्हाई. उलट दिवाळीला भाव चढतील."

"नक्की ना?"

"तुमच्याशी खोटं बोलून मी जाणार कुठं?"

पुढच्याच आठवड्यात गाडी दारात आली. पांढरी. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, गल्लीत पेढे वाटले. बहीण सकाळीच झेंडूचा हार घेऊन आली होती, तो तिनंच बॉनेटवर घातला. तळेघरच्या चढाला स्टेअरिंग जड लागायचं, घरी आल्यावर खांद्याला शेक द्यावा लागायचा. पण गाडी स्वतःची होती. बाळंतीण अडली तर एसटीची वाट बघायची नव्हती. लई सुखात होते मी.

तीन आठवडे झाले असतील. घोडेगावच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानापुढे माझ्याच गाडीसारखी एक गाडी उभी दिसली. माझ्यासारखी, पण नाही. दिवे लांबोडके, पुढची जाळी वेगळी, बंपर फुगीर. दुकानाचे शेठ पायरीवरच उभे होते. त्यांच्या घरी लसीकरणाच्या निमित्ताने माझं जाणं-येणं होतं.

"या सिस्टर, बसून बघा की. नवीन मॉडेल."

मी बसले. स्टेअरिंग एका बोटानं फिरलं. पॉवर स्टेअरिंग सगळ्या गाड्यांना दिलंय आता, शेठ सांगत होते. मग हसून म्हणाले, "मी मागच्या महिन्यातच घेणार होतो. पण तुमच्या पाव्हण्यांनीच थांबवलं. म्हणाले, शेठ, वीस-पंचवीस दिवस कळ काढा, जुना माल कशाला घेता?"

मी उतरले. घाम फुटला होता. शेठना वाटलं, मला ऊन लागलं. त्यांनी पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मंचरच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले. आपण काय गमावलं ते मला नीट समजून घ्यायचं होतं. त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. "याला फेसलिफ्ट म्हणत्यात, सिस्टर. इंजिन त्येच, गिअरबॉक्स त्येच, दरवाजं आन् छप्पर बी त्येच. गाडी बाजारात येऊन तीन-चार वरसं झाली की लोकांचं मन उडतं. मग कंपनी तोंड बदलती, आत दोन सोयी वाढवती. तुमची गाडी काय वाईट न्हाई. उलट जुनी जरा पडत्या भावात मिळत आसंल, तर शहाणा माणूस तीच घेतो. फकस्त त्याला ठावं पायजे, आपण काय घेतोय ते."

ते शेवटचं वाक्य घेऊन मी तशीच शोरूमच्या फाटकापाशी गेले. पाव्हण्यांना बाहेर बोलावलं.

"शेठला थांबवलंत. मला का नाही?"

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "ताई, यार्डात जुन्या सात गाड्या व्हत्या. साहेबांनी प्रत्येकाला दोन-दोन खपवायला सांगितल्या. शेठ म्हंजी दर चार वरसांनी गाडी बदलणारं गिऱ्हाईक. त्यांना फसवलं तर ते परत येत न्हाईत."

"आणि मी?"

"तुमी आपल्याच. रागावला तरी तुटणार थोड्याच?"

मी गाडीत बसले आणि नारायणगावच्या दिशेला निघाले. जायचं कुठेच नव्हतं. ओझरच्या फाट्यावर बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की आपण रडतोय.

बहिणीला मी हे सांगितलं नाही. तिचा संसार, तिला कशाला घोर. तिच्याकडे जायची, जेवायची. पाव्हण्यांशी हवापाण्याचं बोलायची. नवऱ्यालाही इतकंच सांगितलं, की माझीच घाई झाली.

दोन वर्षांनी तिच्या अंगणात आम्ही दोघी वाटाणे सोलत होतो. ती म्हणाली, "ताई, तू ह्यांच्याशी पहिल्यासारखी बोलत न्हाईस. गाडीचं अजून मनात आहे ना?"

मी चमकले. "तुला कुणी सांगितलं?"

ती शेंगांकडे बघत म्हणाली, "तवाच ठावं व्हतं मला. ह्ये म्हणले, ताईला सांगून टाकतो. मीच म्हणले, नका सांगू. एक गाडी पडून राह्यली आसती तर ह्यांची नोकरी गेली आसती. ताई काय, सांभाळून घेईल."

म्हणजे तो हार घालताना तिला सगळं माहीत होतं. तिच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा राग आला होता. हिच्या तोंडून ऐकल्यावर नुसतंच पोकळ वाटलं. ती म्हणाली ते खोटं नव्हतं. आयुष्यभर सांभाळूनच घेतलं होतं मी तिला. त्याचाच तिनं हिशेब धरला होता. मी उरलेले वाटाणे सोलले, पदर झटकला आणि भरल्या घरातून न जेवता निघाले.

ती गाडी मी आठ वर्षं चालवली. त्या काळात दोन बाळं तिच्या मागच्या सीटवर जन्मली. विकायला काढली तेव्हा बेल्ह्याचं गिऱ्हाईक म्हणालं, "जुन्या तोंडाची हाय," आणि मी वाद घातला नाही.

दुसरी गाडी घ्यायच्या वेळी पुण्याला गेले, एकटीच. काउंटरवरच्या अनोळखी पोरीला विचारलं, या गाडीचं नवीन मॉडेल कधी येणार? ती म्हणाली, "दिवाळीनंतर येईल मॅडम. फक्त दिवे आणि बंपर बदलणार आहेत." मी तिथंच सही केली.

आठ दिवसांनी बहीण घरी आली. दारातली गाडी बघून उंबऱ्यातच थांबली.

"आमाला विचारलं न्हाईस?"

"नाही," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.